मालवणीला एकच नोकरी

आमच्या गावच्या मुंबई मंडळाचं स्नेहसंमेलन दर वर्षी जानेवारीत होतं. पूर्वी ते परळला एका शाळेच्या सभागृहात व्हायचं. मग माणसं भांडुप, डोंबिवली, विरारकडे सरकली, तसं सभागृहही सरकलं. कार्यक्रमपत्रिका मात्र तीच राहिली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, अहवालवाचन, ताळेबंद, दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय भाषण. एवढं सगळं पार पडलं की निवेदक जरा सैलावतो, आवाज बदलतो आणि म्हणतो, "मंडळी, आता थोडा विरंगुळा. मालवणी गजाली!" टाळ्या पडतात. मागच्या बाजूने वडे तळल्याचा वास यायला लागलेला असतो. पंधरा-वीस मिनिटं सभागृह हसून लोळतं आणि त्यानंतर पुन्हा शुद्ध मराठीत आभारप्रदर्शन.

गेली बरीच वर्षं त्या पंधरा-वीस मिनिटांतली काही मिनिटं माझी असतात. गजाली, म्हणजे आमच्या बोलीतल्या रंगवून सांगितलेल्या गप्पा, सांगायला मला आवडतं आणि लोकांना हसताना बघायला त्याहून आवडतं. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते आतल्या माणसाचं आहे. बाहेर उभं राहून कुणाच्या हसण्यावर नाक मुरडायचा माझा इरादा नाही.

त्या सभागृहात तीन-चारशे माणसं असतात आणि चहाच्या टेबलापाशी त्यातलं जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस मालवणी बोलत असतं. "कधी इलंस?", "झील खंय असा आता?", "घराचा काम झाला काय?" लग्नं जुळवणं, जमिनीच्या वाटण्या, कुणाच्या तरी आजारपणाची कुजबूज, सगळं मालवणीत. तोच माणूस व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढला की "उपस्थित मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो" म्हणायला लागतो. खजिनदार खाली "पैशे कमी पडतत रे" म्हणत असतो, तोच वर गेला की "आर्थिक तूट" जाहीर करतो. तीन पायऱ्यांवर भाषा बदलते आणि याचं कुणालाच काही वाटत नाही. मलाही कित्येक वर्षं वाटलं नव्हतं.

गावाहून पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसाला आम्ही चाकरमानी म्हणतो. त्याच्याबरोबर त्याची बोलीही आली. त्याने गिरणीत काम केलं, पोस्टात केलं, बेस्टमध्ये केलं, पोलिसात केलं. मुलं शिकली, कुणी बँकेत गेला, कुणी परदेशात. बोलीला मात्र आम्ही व्यासपीठावर एकच नोकरी दिली, हसवण्याची. आणि त्या नोकरीत ती इतकी मुरली की आता दुसरं काही ती करू शकेल यावर आमचाच विश्वास उरलेला नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

सगळा दोष मुंबईवर ढकलायचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण मालवणीला विनोदाचं काम देण्याची रीत गावातलीच आहे. दशावतार बघा. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. लिहिलेली संहिता नाही, नट जागच्या जागी संवाद रचतात. त्यात राजा बोलतो, देव बोलतो, राणी विलाप करते, ते सगळं भारदस्त, संस्कृत शब्दांनी लदलेल्या मराठीत. मालवणी बोलतो तो संकासुर. वेद चोरणारा राक्षस. सुरुवातीच्या भागात, ज्याला आड-दशावतार म्हणतात, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते आणि मग काळ्या वेषातला हा संकासुर येऊन अस्सल मालवणीत धुमाकूळ घालतो. हल्ली बऱ्याच मंडळ्या हा भाग थोडक्यात उरकतात. पण देव मराठी बोलतात आणि राक्षस मालवणी, ही वाटणी आमच्या रंगभूमीइतकीच जुनी आहे.

फक्त त्या वाटणीत एक गोम आहे. संकासुर हसवतो, पण कुणाला धरून हसवतो? त्याची मालवणी देवाची टर उडवते, भटजीची उडवते, समोर बसलेल्या गावच्या मानकऱ्यांनाही सोडत नाही. वेद चोरलेल्याला सगळ्या मोठ्या लोकांची भीड चेपलेली असते. तमाशातला सोंगाड्याही राजाच्या दरबारात उभा राहून राजाला तोंडावर बोलतो. आपल्याकडे बोलीतला विनोद असा खालून वर जायचा. ज्याच्या हातात काही नाही त्याच्या तोंडात ती बोली असायची, आणि ज्याच्या हातात सगळं आहे तो तिच्या माऱ्यात सापडायचा.

1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीला मुंबईच्या मोठ्या नाट्यगृहांत नेऊन बसवलं. पाच हजारांवर प्रयोग झाले. त्याआधी मुंबईत लोकलमध्ये मोठ्याने मालवणी बोलायला माणसं कचरत असत, हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलं आहे. त्या नाटकाने ती लाज घालवली. आज मी व्यासपीठावर उभा राहू शकतो तो त्याच्याच पुण्याईवर. पण हे नाटक नेमकं कशाला हसतं ते नीट पाहिलं पाहिजे. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात. भीम-अर्जुन व्हायचं म्हणजे तोंडात जड मराठी घ्यायची. ती काही तोंडात टिकत नाही, घटकेघटकेला घसरते आणि खालची मालवणी उघडी पडते. लोक हसतात ते त्या जड मराठीचं सोंग गळून पडतं म्हणून. मालवणी म्हणजे तिथे खरी माणसं आणि शुद्ध मराठी म्हणजे भाड्याने आणलेला मुकुट. म्हणजे तिथेही हसू खालून वरच जातं.

पुढे काय झालं तर आम्ही सगळ्यांनी त्या यशातली बोली उचलली आणि दिशा तिथेच सोडून दिली.

उदाहरण माझंच देतो. मी एक गजाल सांगतो. ग्रामसभेला तालुक्याहून साहेब आलेले आहेत. हातात फॉर्म. ते विचारतात, "आपल्या वाडीतील पाण्याच्या स्रोताची सद्यःस्थिती काय आहे?" सगळे गप्प. शेवटी एक म्हातारा उठतो. "म्हणजे बावीत पाणी असा काय नाय, ताच ना इचारतास?" साहेब म्हणतात, होय. "मगे तसा इचारा ना. पाणी असा. पण तुमच्या मराठीइतका खोल नाय, हाताक गावता."

बरा हशा मिळतो. दोन वर्षांपूर्वी माझ्यानंतर एका तरुणाने जवळपास हीच गजाल सांगितली. मुंबईतच वाढलेला, मनाने चांगला, अंगात नट असलेला मुलगा. त्याच्या गजालीत म्हातारा बहिरा झाला होता, बोळका झाला होता आणि लंगोटी सावरत उठत होता. साहेबांनी "स्रोत" म्हटलं की याला "सोरट" ऐकू येतं. "सोरट? ता जत्रेक असता, आता खयचा?" मग साहेब पुन्हा विचारतात, म्हातारा पुन्हा भलतंच ऐकतो, असं पाच-सहा वेळा. सभागृह कोसळलं. हशा माझ्यापेक्षा त्याला जास्त मिळाला, हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं जळकेपणाने लिहिलंय असं वाटेल.

दोन्ही गजालींत म्हातारा तोच, साहेब तोच, बोली तीच. पहिल्या गजालीत साहेबांची भाषा हास्यास्पद ठरते आणि म्हातारा शहाणा. दुसरीत म्हाताऱ्याचे कान, त्याचे दात, त्याची लंगोटी आणि त्याच्या जिभेवरचे आवाज हे सगळं हास्यास्पद ठरतं. साहेब सुटतो. गजालीच्या शेवटी वाडीतल्या पाण्याचं काय झालं, ते कुणालाच आठवत नाही.

मी स्वतःपुरती एक परीक्षा ठरवली आहे. गजाल मुंबईत सांगण्याआधी ती गावच्या तिठ्यावर, संध्याकाळी दुकानापुढच्या बाकड्यावर बसलेल्यांपुढे सांगायची. ज्याच्यासारखा माणूस गजालीत आहे तो समोर बसलेला असताना सांगायची. पहिली गजाल ऐकून आमच्या गावचे म्हातारे नुसते हसले नाहीत, त्यांनी ती आपल्या नावावर केली आणि पुढे सांगत सुटले. दुसरी ऐकूनही ते हसतील, नाही असं नाही. आमची माणसं स्वतःवर हसण्यात तरबेज आहेत. पण त्यातला एखादा पुढच्या ग्रामसभेला उठून बोलण्याआधी जरा थांबेल. ते थांबणं मला जड जातं.

सगळ्यात अवघड गोष्ट गाऱ्हाण्याची आहे. ज्यांनी गावचं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळात, मांडावर किंवा एखाद्या राखणदाराच्या दगडापाशी नारळ ठेवून गावकर किंवा गुरव उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. "बा देवा म्हाराजा…" अशी सुरुवात, आणि प्रत्येक तुकड्याला जमलेल्यांचा एकमुखाने होकार, "व्हय म्हाराजा!" त्यात कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचं पोर नोकरीला लागत नाही, कुणाची म्हैस हरवली आहे, पाऊस किती लांबला आहे, हे नावानिशी येतं. एका अर्थाने तो गावाचा वार्षिक अहवालच असतो, फक्त देवापुढे वाचलेला. आणि तो मालवणीतच असतो, कारण देवापुढे शुद्ध मराठी बोलायचं कुणाला सुचलेलं नाही. त्यात विनोदही असतो. वर्गणी न दिलेल्याचा उल्लेख गावकर असा काही करतो की तो माणूस मान खाली घालून हसतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" जरा मोठ्याने म्हणतात.

आता हे गाऱ्हाणं मुंबईत सगळीकडे गेलं आहे. दुकानाच्या उद्घाटनाला, वाढदिवसाला, क्रिकेटच्या सामन्याआधी, लग्नाच्या हॉलवर. "बा देवा म्हाराजा, ह्येका लोकलमध्ये खिडकी गावांदे म्हाराजा!" मीही घातली आहेत अशी गाऱ्हाणी, दोन वेळा, पैसे घेऊन. मजा येते. पण एका जत्रेला मी माझ्या भाच्यांना गावी घेऊन गेलो. देवळापुढे खरं गाऱ्हाणं सुरू झालं आणि पहिल्याच "व्हय म्हाराजा"ला दोघं फिसकन हसली. त्यांचं काय चुकलं? त्यांनी आयुष्यात विडंबनच ऐकलं होतं, आणि मूळ त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडत होतं. माझ्या शेजारचे एक काका वळून माझ्याकडे बघत राहिले. पोरांकडे नाही, माझ्याकडे.

शिव्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मालवणी म्हणजे शिव्या ही समजूत आम्ही व्यासपीठावरून पक्की केली. गावात शिवीलाही नातं लागतं. आजा नातवाला देतो ती वेगळी, बांधावरच्या भांडणातली वेगळी, आणि नव्या जावयापुढे जीभ कशी आवरतात ते बघायला तर तिकीट लावावं. व्यासपीठावर हे सगळं नातंगोतं जातं आणि उरतो फक्त फटाका. फटाका वाजवायला भाषा लागत नाही.

बायकांच्या गजालींचं तर कुणी नावच काढत नाही. पाणवठ्यावर, पत्रावळी लावताना, गणपतीत फुगड्या घालून दमल्यावर बायका ज्या गजाली करतात त्यांना आमच्या कार्यक्रमपत्रिकेत आजवर जागा मिळालेली नाही. व्यासपीठावरची मालवणी बाई म्हणजे बहुतेक वेळा नाकात बोलणारा पुरुष. लुगडं नेसून.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसलो तो सांगतो. मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्याची शोकसभा होती. नाव देत नाही. गिरणीत चाळीस वर्षांच्या आसपास काढलेला, 1982 च्या संपानंतर भाजी विकलेला, तरी मंडळाची वर्गणी न चुकवलेला माणूस. शोकसभेत सगळे शुद्ध मराठीत बोलत होते. "त्यांच्या निधनाने कधीही भरून न येणारी पोकळी." ही पोकळी मी इतक्या शोकसभांत ऐकली आहे की आता ती ओळखीची वाटते. मग त्यांचा एक जुना सोबती उभा राहिला, सत्तरीचा. त्यानेही "कैलासवासी" पासूनच सुरुवात केली. दोन वाक्यं बोलला, अडला. चष्मा काढला. आणि म्हणाला, "तेना माझो हात धरून माका मिलात नेल्यान. माझो पयलो पगार झालो तेव्हा तोच रडलो. आता हय उभो रवान तेच्याबद्दल मी काय सांगू?"

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं.

वाईट हेतूने नव्हे. मी वळून पाहिलं तर ज्याच्या तोंडून ते हसू निसटलं होतं तो तरुण स्वतःच भेदरला होता. व्यासपीठावरून माइकमध्ये मालवणी आली की हसायचं, एवढंच त्याच्या कानाला शिकवलेलं होतं. शिकवणाऱ्यांत मीही होतो. त्या म्हाताऱ्याने पुढचं वाक्य पुन्हा शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न केला, ते त्याला जमलं नाही आणि तो खाली बसला. त्या सभेतलं एकमेव खरं भाषण तीन वाक्यांत संपलं.

यावर माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की तू एका प्रसंगाचा बाऊ करतोस, विनोद नसता तर मालवणी केव्हाच गेली असती. अर्धं खरं आहे. विनोदाने ती लोकांच्या कानात राहिली. पण कानात राहणं आणि तोंडात राहणं यात फरक आहे. 2011 च्या जनगणनेत मालवणीचं घर असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 होती (2001 पेक्षा कमी झालेली, हे दुःख वेगळंच). त्याच जनगणनेत साऱ्या देशात मिळून आपली मातृभाषा मालवणी अशी नोंदवलेली माणसं पन्नास हजारही नाहीत, आणि तीही कोकणी या सदराखाली मोजलेली आहेत. सिंधुदुर्गातला माणूस आणि मुंबईतला चाकरमानी गेला कुठे? तो दारात उभा होता, गणकाला "मराठी" सांगत होता. मी स्वतःही तेच सांगितलं होतं, आणि त्यात चूक आहे असंही मी म्हणत नाही. आम्ही मराठीच आहोत. पण गंभीर माणूस दारात येऊन गंभीर प्रश्न विचारतो तेव्हा आमच्या तोंडी मालवणीचं नाव येत नाही, आणि टाळ्या मिळायच्या असतात तेव्हा ते सर्वात आधी येतं, एवढं तरी दिसतंच.

तेरेखोलची खाडी ओलांडली की आमच्या "माका-तुका"ची सख्खी बहीण "म्हाका-तुका" भेटते. ती म्हणजे कोकणी. ती 1987 पासून गोव्याची राजभाषा आहे, 1992 पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. तिच्यात बातम्या वाचल्या जातात, चर्चमध्ये प्रवचनं होतात, शाळेत परीक्षा होतात आणि तियात्रात, म्हणजे तिथल्या कोकणी नाटकात, राजकारण्यांची यथेच्छ धुलाईही होते. तिथे विनोद काही कमी नाही. पण तो त्या भाषेच्या अनेक कामांपैकी एक आहे. मालवणीला राजभाषा करा असं मी म्हणत नाही, लगेच कुणी झेंडे काढू नयेत. गंभीर कामं करत असलेली भाषा विनोदही जास्त चांगला करते, एवढंच मला तिथे दिसतं. ज्या तोंडातून कालच प्रार्थना ऐकली त्या तोंडातून आज थट्टा आली तर ती थट्टा झणझणीत लागते. चोवीस तास विदूषकाच्या कपड्यात असलेल्याच्या विनोदाला कोण किती वेळ हसणार?

हे फक्त आमच्यापुरतं नाही. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी शाळांत आणि कचेऱ्यांत काय होतं ते आठवा. भाषण प्रमाण मराठीत, कविता प्रमाण मराठीत, आणि "आपल्या समृद्ध बोली" म्हणून वऱ्हाडीतलं, अहिराणीतलं, आगरीतलं एकेक प्रहसन. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून बोलींची नावं भाषणांत जास्त ऐकू येतात. काम तेवढंच, प्रहसनाचं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी साठ-सत्तरच्या दशकांत कथाकथनाचे फड गाजवले तेव्हा ती माणसं आपापल्या मातीतलं ऐकलेलं, भोगलेलं घेऊन उभी राहायची. हसवता हसवता मध्येच श्रोत्यांच्या घशात आवंढा आणायची ताकद त्यांच्यात होती. त्यांच्या मागून आलेल्या आमच्यासारख्या हौशी लोकांनी हसू तेवढं उचललं, आवंढा तिथेच राहिला. आणि बहिणाबाई? 1952 साली त्यांची गाणी छापून आली, खानदेशातल्या बोलीतली, आणि सगळा महाराष्ट्र "अरे संसार संसार" म्हणताना गंभीर झाला. कुणी हसलं नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांना जमतं. आम्हीच ऐकवत नाही.

एक हरकत मात्र मला खरोखर अडवते. मालवणी म्हणजे कुणाची मालवणी? देवगडची वेगळी, सावंतवाडीची वेगळी, दर्यावर जाणाऱ्या गाबितांची वेगळी, प्रत्येक जातीची आपापली. अहवाल मालवणीत वाचायचा ठरला तर कुणाच्या तोंडची मालवणी शुद्ध धरायची, हा तंटा पहिल्याच बैठकीत होणार. पण हा तंटा नाटक-मालिकांनी आमच्या नकळत निकालात काढलेला आहे. व्यासपीठावरच्या मालवणीची एक ठरावीक चाल झाली आहे. तेच हेल, तेच ठरलेले पंधरा-वीस शब्द. परवा एका लग्नात एक मुलगा आपल्या सख्ख्या आजीला सांगत होता, "असा नाय म्हणत गो, टीव्हीर वेगळा म्हणतत." म्हणजे प्रमाण मालवणी जन्माला आली, तीही हास्य कार्यक्रमांतून. याउलट खजिनदार त्याच्या वाडीच्या मालवणीत हिशेब सांगेल, महिला मंडळाची अध्यक्षा तिच्या माहेरच्या मालवणीत बोलेल आणि आभार तिसऱ्याच तालुक्याच्या मालवणीत होतील, तर ही सगळी रूपं निदान एका छताखाली ऐकू येतील. नक्कल करणारा एक नमुना धरतो. स्वतःचं बोलणारा स्वतःचंच बोलतो.

आणि मुलांना कळणार नाही, असं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? मुलांना "आर्थिक तूट" तरी कुठे कळते. ती मोबाइल बघत बसलेली असतात.

तेव्हा या वर्षी मी चिटणीसांना फोन केला. म्हटलं, गजाली मी सांगतोच, पण अहवालही मालवणीत वाचू या. पहिल्यांदा ते हसले, मग विचारलं, "खरा सांगतस?" मग म्हणाले, "लोक हसतले." मी म्हटलं, "पयल्या पानाक हसतले. मगे पैशे किती उरले ता आयकाक लागतले." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी, तूच लिहून दे, म्हणाले, म्हणजे जमलं नाही तर दोष कुणाला द्यायचा ते ठरलेलं बरं.

लिहायला बसलो आणि माझी चांगलीच जिरली. गजाल सांगताना धबधब्यासारखी येणारी मालवणी कागदावर यायला तयार होईना. "अहवाल सालात" म्हणजे "ह्या वर्साक", हे सुटलं. "कार्यकारिणी" तशीच ठेवली, आता तीही आमचीच झाली आहे. "शैक्षणिक मदत" याचं "पोरांच्या शाळेक दिलेले पैशे" झालं, आणि खरं सांगायचं तर मंडळ नेमकं काय करतं हे मला त्या वाक्यात पहिल्यांदा नीट कळलं. अडलो ते पहिल्याच परिच्छेदाला. अहवालाची सुरुवात नेहमी वर्षभरात गेलेल्या सभासदांपासून होते. "दिवंगत सभासदांना मंडळातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली." याला मालवणीत काय म्हणायचं? तासभर खाडाखोड केली. जे लिहीन ते माझ्याच कानाला गजालीची सुरुवात वाटायला लागलं.

शेवटी गावी आईला फोन लावला. तिला आधी मी काय विचारतोय तेच कळेना. मग म्हणाली, "श्रद्धांजली कित्याक रे? 'ही माणसा आता आपल्यात नाय' असा सांग आनि एकेकाचा नाव घे. हळू घे."

तसंच लिहिलं. नावं सात आहेत.